शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या परिचारिकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच्या सभेस "परिचारिकांचा सत्कार" असे नाव छापले आहे. शाली आणल्या आहेत, श्रीफळे आणली आहेत, आणि ती यथाकाल आपणांस अर्पण केली जातीलच. तथापि सत्काराचे शब्द उच्चारण्यापूर्वी एक जुने ऋण फेडणे आम्हांस अवश्य वाटते. कारण ते ऋण सत्काराच्याच शब्दांतून उत्पन्न झालेले आहे.

सन २०२० च्या मे महिन्यातील ही गोष्ट. त्या वर्षी ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जगद्व्यापी साथ असल्याचे जाहीर केले, आणि २५ मार्चपासून सर्व देशभर टाळेबंदी सुरू झाली. चर्चचे दरवाजे बंद होते. आम्ही रिकाम्या बाकांपुढे मिस्सा अर्पण करीत होतो आणि आपण ती घरी बसून मोबाईलच्या पडद्यावर पाहत होता. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. त्या वर्षी त्यांच्या जन्मास २०० वर्षे पूर्ण होत होती, म्हणून ते सबंध वर्षच परिचारिका व सुईणी यांचे वर्ष म्हणून जगभर पाळावयाचे ठरले होते. त्या दिवशी प्रवचनात आम्ही परिचारिकांस देवदूत म्हटले. त्या थकत नाहीत, भीत नाहीत, कुरकुरत नाहीत, असे पुष्कळ बोललो. बोलणे आमचे आम्हांसही आवडले, हे कबूल केले पाहिजे.

त्याच रात्री ह्या धर्मग्रामातील एका परिचारिकेचा फोन आला. त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही. हकीकत मात्र त्यांच्या अनुमतीने सांगत आहोत. मुंबईतील एका रुग्णालयाच्या कोविड-कक्षात त्या काम करीत होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, तुमचे प्रवचन ऐकले. रागावू नका, पण आम्हांला देवदूत म्हणू नका. अकरा रात्री मला धड झोप नाही. डोळा लागला की व्हेंटिलेटरची घंटा वाजल्यासारखी वाटते आणि मी उठून बसते. काल एका पेशंटच्या मुलीवर मी विनाकारण ओरडले. हे आता मी कोणाला सांगू? देवदूत रडलेला लोकांना चालेल का?"

आम्ही निरुत्तर झालो. आमची स्तुती त्यांच्या उपयोगी पडली नव्हती, एवढेच नव्हे, तर तिने त्यांच्या मुखावर कुलूप घातले होते. ज्याला आपण अमानुष धैर्याचे श्रेय देतो, त्याच्यापासून मनुष्याप्रमाणे खचण्याचा हक्क आपण नकळत काढून घेतो. त्या दिवसापासून ह्या विषयाचा आम्ही जो थोडाबहुत विचार व वाचन केले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम, आपल्या परिचारिकांवर त्या काळी कोणते ओझे होते ते पाहू. कारण घरच्या माणसांनाही ते पुरतेपणी विदित नाही, असा आमचा अनुभव आहे.

वसईहून मुंबईस जाणाऱ्या परिचारिकेचा दिवस आगगाडीने सुरू होतो. मार्च २०२० मध्ये उपनगरी गाड्या बंद झाल्या. आवश्यक सेवेतील लोकांकरिता त्या पुन्हा सुरू झाल्या त्या १५ जून रोजी. मधल्या सुमारे बारा आठवड्यांत आपल्या ह्या मुली पहाटेच्या अंधारात बसची वाट पाहत उभ्या राहिल्या. रुग्णालयात पोहोचताच पीपीई किट चढवावयाचे. ते एकदा चढले की कित्येक तास पाणी पिता येत नाही व शौचास जाता येत नाही. चष्म्यावर वाफ धरते, नाकावर मुखपट्टीचे वळ उठतात, आणि घामाने अंगावरचे कपडे पिळून काढण्याजोगे होतात. रुग्णास तोंड दिसत नाही, म्हणून छातीवर शाईने आपले नाव लिहावयाचे. नातलगांस आत येण्याची मनाई होती, म्हणून मरणाऱ्याच्या कानाशी फोन धरून उभे राहण्याचे कामही परिचारिकेकडेच आले. पलीकडून मुलगा हाका मारीत आहे, अलीकडून उत्तर येत नाही, आणि मधला हात तेवढा परिचारिकेचा, असे किती वेळा घडले असेल, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

हे सर्व करून घरी यावे तर उंबरठ्याशी दुसरी भीती उभी. आपण हा रोग आईस, सासऱ्यांस, तान्ह्या लेकरास तर देणार नाही ना? आपल्यापैकी कित्येकींनी मागील दारी स्नान करून वेगळ्या खोलीत ताट घेतले आणि मुलांस खिडकीच्या गजांतूनच पाहिले.

आणि तिसरे ओझे तर आपण इतरांनी घातले. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता सर्व देशाने टाळ्या व थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजी विमानदलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. त्याच दिवसांत ठिकठिकाणी परिचारिकांस घर सोडण्यास सांगण्यात येत होते, त्यांना शेजारी टाळीत होते, आणि काही ठिकाणी त्यांच्यावर हातही उगारले गेले. म्हणूनच २२ एप्रिल रोजी केंद्र सरकारला अध्यादेश काढून, मुंबईच्या प्लेगच्या वेळी १८९७ साली झालेल्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि आरोग्यसेवकांवरील हिंसा हा बिनजामिनी गुन्हा ठरवावा लागला. मे महिन्यात कोलकात्यातील खासगी रुग्णालयांतून मणिपूर व अन्य राज्यांच्या परिचारिका शेकड्यांनी राजीनामे देऊन आपल्या गावी परतल्या. आमच्या धर्मग्रामातही सर्व काही चांगलेच होते असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. एका इमारतीत परिचारिकेस जिन्याच्या कठड्यास हात लावू नये असे बजाविण्यात आले. ही गोष्ट आमच्या कानी आली होती. आम्ही तेथे गेलो ते चौथ्या दिवशी. ते तीन दिवस आमच्या हिशोबी जमा आहेत.

आता मनाकडे वळू. फार श्रम झाले तर शरीर थकते आणि विश्रांतीने ते ताजे होते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ह्या थकव्याखाली दुसरे एक दुखणे असते, व त्यास विश्रांती एकटी पुरत नाही. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करिताना अमेरिकेतील मनोवैद्य जोनाथन शे यांच्या ध्यानी आले की कित्येकांस भीतीपेक्षा अधिक जाळीत होती ती एक वेगळीच गोष्ट. जे योग्य ते जिवावरच्या प्रसंगी झाले नाही, ही ती गोष्ट होय. ह्यास आपण सदसद्विवेकाची जखम म्हणू. कोविडच्या काळी आरोग्यसेवकांस हीच जखम होण्याचा संभव आहे, असा इशारा ब्रिटनमधील तज्ज्ञांनी मार्च २०२० मध्येच दिला होता. तो किती खरा ठरला! अतिदक्षता कक्षात व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असा संकेत आहे. तेथे एकीस चार-चार रुग्ण पाहावे लागले. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्राणवायू व खाटा यांचा तुटवडा पडला, तेव्हा "ह्याच्याकडे आधी धावू की त्याच्याकडे?" हा प्रश्न आपल्यापैकी कित्येकींस रोज पडत होता. ज्याच्याकडे धावता आले नाही, तो रुग्ण पुढे रात्री स्वप्नात येतो. वस्तुतः दोष तिचा नव्हता. माणसे थोडी होती, साधने थोडी होती. परंतु मन हे न्यायालय मोठे विचित्र आहे. तेथे आरोपी व न्यायाधीश एकच असतो, आणि वकील तर कोणीच नसतो.

हे दुखणे काही थोड्या दुबळ्या जिवांचेच होते, असा समज कोणी करून घेऊ नये. चीनमध्ये साथीच्या आरंभीच, सन २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, ३४ रुग्णालयांतील १,२५७ वैद्यकीय सेवकांची पाहणी झाली. त्यांत शेकडा ६० हून अधिक परिचारिका होत्या. शेकडा ५० जणांत खिन्नतेची, शेकडा सुमारे ४५ जणांत चिंतारोगाची आणि शेकडा ३४ जणांत निद्रानाशाची लक्षणे आढळली. आणि परिचारिका, स्त्रिया व प्रत्यक्ष रुग्णांजवळ काम करणारे ह्यांत ती अधिक तीव्र होती. साथ गेली म्हणजे दुखणे गेले, असेही नाही. २००३ साली कॅनडातील टोरांटो शहरात सार्स रोगाची साथ आली होती. ती ओसरल्यावर एक ते दोन वर्षांनी तेथील रुग्णालयांच्या सेवकांची तपासणी केली, तेव्हा जेथे सार्सचे रुग्ण नव्हते त्या शेजारच्या हॅमिल्टन शहरातील सेवकांपेक्षा टोरांटोच्या सेवकांत मनाचा शीण व क्लेश अधिक आढळले. कित्येकांनी रुग्णसेवेचे तासही कमी केले होते. मात्र आपणांस पुरेसे शिक्षण, पुरेसे संरक्षण आणि वरिष्ठांचा पाठिंबा मिळाला असे ज्यांना वाटत होते, ते ह्या क्लेशातून अधिक सावरले होते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. तीत पुष्कळ अर्थ आहे.

स्वतः नाइटिंगेलबाईंचे उदाहरण घ्या. त्यांच्या हातातील दिवा सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८५६ साली क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यानंतर पुढील कित्येक वर्षे त्या आजारी होत्या व बहुतेक काळ आपल्या खोलीतच असत, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांचे मोठे ग्रंथ व सुधारणेची कार्ये ह्याच आजारपणात झाली. म्हणजे दिवा धरणारा हातही दुखतो, आणि दुखतो म्हणून तो काही कमी थोर ठरत नाही.

मग उपाय काय? येथे आम्हांस एक हकीकत फार उद्बोधक वाटली. चीनमधील छांगशा शहरातील एका मोठ्या रुग्णालयाने साथीच्या आरंभीच आपल्या सेवकांकरिता मानसोपचाराची उत्तम योजना आखली. तज्ज्ञ नेमले, दूरध्वनीची सोय केली, सामूहिक बैठका ठरविल्या. पण सेवक येईनात! परिचारिका चिडचिड करीत, विश्रांती घेण्याचे नाकारीत, आणि आपणांस काही झालेले नाही असे सांगत. तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांनाच विचारले. उत्तर साधे आले: आम्हांला मानसोपचारतज्ज्ञ नको, न मोडणारी विश्रांती हवी आणि संरक्षणाची साधने पुरेशी हवीत, आमच्यामुळे घरच्यांस रोग होईल ही काळजी आहे, न ऐकणाऱ्या रुग्णांशी कसे वागावे ते शिकवा. मग रुग्णालयाने स्वतंत्र विश्रांतिगृह दिले, जेवणाची हमी दिली, कामाचे आगाऊ शिक्षण दिले, आणि घरच्यांची चिंता दूर व्हावी म्हणून सेवकांच्या दिनक्रमाची चित्रफीत घरी पाठविण्याची सोय केली. तज्ज्ञांनीही आपली खोली सोडली व ते विश्रांतिगृहातच जाऊन बसू लागले. तेथे मात्र लोक त्यांच्याशी बोलू लागले.

ही हकीकत वाचताना आम्हांस एलिया संदेष्ट्याची आठवण झाली. तो जिवास कंटाळून रानात एका झुडुपाखाली बसला व मरण मागू लागला. देवदूत त्याच्याकडे आला. पण देवदूताने त्यास उपदेश केला नाही, धैर्याची स्तुती केली नाही, किंवा निराशेबद्दल दोषही दिला नाही. त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे पुढे ठेविले. एलिया जेवला आणि पुन्हा निजला. देवदूत दुसऱ्यांदा आला तोही भाकर घेऊनच. तेव्हा ह्या गोष्टीत देवदूत कोण आणि थकलेला कोण, हे आपण नीट पाहावे. आम्ही प्रवचनात उलट केले होते. थकलेल्यास देवदूत ठरविले, आणि भाकर नेण्याचे आमचे काम विसरलो.

ह्यावरून आम्हांस जे कर्तव्य सुचते ते थोडक्यात सांगतो.

रुग्णालये चालविणाऱ्यांस आमचे सांगणे असे की, परिचारिकेच्या मनाचे पहिले औषध ड्यूटीच्या तक्त्यात आहे. पुरेशी माणसे, ठरलेली सुट्टी, रात्रपाळीनंतर खरी विश्रांती, आणि वेळेवर वेतन, ही चार जेथे नाहीत तेथे भिंतीवर सुविचार लावून काय होणार? सन २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने, पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेस महिना किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. ती अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. साथीत सेवा करिताना मृत्यू आल्यास ५० लाखांचा विमा सरकारने जाहीर केला, हे योग्यच झाले. आणि मृत्यू काही थोडे नव्हते. मे २०२१ पर्यंत जगात सुमारे १,१५,५०० आरोग्यसेवक कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मध्यम अंदाज आहे. परंतु ज्या जगल्या, त्यांच्या झोपेचा विमा कोणी उतरविला?

कुटुंबीयांस आमचे सांगणे असे की, ऐकावे, पण खोदून विचारू नये. घडलेले सर्व एकाच बैठकीत सांगून टाकण्याचा आग्रह धरल्याने पुढील मनोविकार टळत नाहीत, क्वचित अपायही होतो, असे अभ्यासांती दिसून आले आहे. "तुझे काय, तुला पगार मिळतो", "इतरही करतात ना" अशी वाक्ये घरात उच्चारू नयेत. ती बोलू लागली तर हातातले काम बाजूस ठेवावे, आणि ती गप्प राहिली तर ताट वाढावे.

आणि भगिनींनो, आता आपणांस. झोप न येणे, सतत चिडचिड, कशातच मन न लागणे, जुनी दृश्ये वारंवार डोळ्यांपुढे येणे, किंवा काहीच न वाटणे, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर ते दुखणे समजावे, दुबळेपणा समजू नये. रुग्णाचा ताप आपण हाताने पाहत नाही, तापमापकाने पाहता. मग स्वतःच्याच मनाचा ताप "काही नाही, होईल बरे" म्हणून का सोडता? वैद्याकडे जावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. आणि जगणेच नको असा विचार एकदा जरी मनात आला, तरी त्या रात्री एकटे राहू नये. घरी सांगावे, मैत्रिणीस सांगावे, आमच्या दारावर थाप मारावी. कोणत्याही वेळी.

ह्या साथीची आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर झाले. मग आज हा विषय का, असे कोणी विचारील. त्यास टोरांटोचे उदाहरण हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, साथी येतच राहतात. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करिताना सावित्रीबाई फुले यांनी प्राण वेचले. २०१८ साली केरळात निपा रोगाने लिनी पुथुसेरी ही तरुण परिचारिका गेली. पुढील साथ येईल तेव्हा पुन्हा हीच माणसे पुढे उभी राहतील. ती त्या वेळी धडधाकट मनाने उभी राहावीत की आजच्या न भरलेल्या जखमा घेऊन, हे आपण आज ठरवावयाचे आहे.

आता धर्मग्रामाविषयी. गेल्या महिन्यात एक माता आमच्याकडे आल्या व संकोचाने म्हणाल्या, "फादर, महोत्सवाचा लाऊडस्पीकर दुपारी जरा बंद ठेवाल का? लेक नाइट करून आली आहे." आम्ही लाजलो. परिचारिकांच्या सत्काराची तयारी चालली होती, आणि त्याच तयारीच्या गोंगाटाने परिचारिकेची झोप मोडत होती! त्या दिवसापासून दुपारी लाऊडस्पीकर बंद आहे, व महोत्सवानंतरही तो बंदच राहील. शिवाय धर्मग्राम-मंडळाने तीन गोष्टी ठरविल्या आहेत. ज्यांच्या घरी गर्दीमुळे दिवसा झोप मिळत नाही, त्यांच्याकरिता धर्मभगिनींनी आपल्या मठातील दोन खोल्या देऊ केल्या आहेत. रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा डबा पोहोचविण्याचे काम महिलामंडळाने पत्करिले आहे. आणि पुन्हा कधी साथ आली, कोणा परिचारिकेस जिना नाकारण्यात आला, तर आम्ही चौथ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी तेथे जाऊ. हे वचन आम्ही आपल्या सर्वांच्या साक्षीने देत आहोत व ह्या महोत्सवी पुस्तिकेत छापून ठेवीत आहोत, म्हणजे आमच्यानंतर येणाऱ्या धर्मगुरूंनाही त्याची आठवण करून देता येईल.

आमच्या आरंभीच्या हकीकतीतील त्या भगिनींचे पुढे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. त्यांनी उपचार घेतले. बरे होण्यास काही महिने लागले. मधे एकदा नोकरी सोडण्याचाही विचार झाला. आज त्या बालरुग्णांच्या कक्षात काम करितात. त्या ह्या सभेत बसल्या आहेत. आम्ही त्यांच्याकडे पाहणार नाही.

शेवटी शब्दाविषयी एक शब्द. देवदूत हे नाव आम्ही परत घेत आहो. रुग्ण आपणांस ज्या नावाने हाक मारितात तेच बरे: सिस्टर. सिस्टर म्हणजे बहीण. बहीण थकते, रडते, रागावते. आणि थकून माहेरी आली म्हणजे तिला कोणी पराक्रम विचारीत नाही. हातपाय धुवावयास पाणी देतात, ताट वाढतात, आणि "नीज थोडी" म्हणतात. आपल्यापैकी परिचारक बंधूंसही हेच लागू आहे. ह्या धर्मग्रामास आजवर पुष्कळ बिरुदे मिळाली असतील. आपले माहेर हे बिरुद त्यास मिळावे, एवढीच ह्या महोत्सवी वर्षी आमची इच्छा आहे.

शाली आता देण्यात येतील. ज्या भगिनी रात्रपाळी करून थेट येथे आल्या आहेत, त्यांना प्रथम द्याव्यात आणि घरी जाऊ द्यावे. समारोपाच्या गीतापर्यंत त्यांनी थांबण्याचे कारण नाही.